बेडूक खाऊन कोण मेलंय?

लग्नाच्या पंगतीत बसलो की हमखास कोणीतरी विचारतं, "सुभेदार, साप खरंच खाल्लाय तुमी?" ताटात जिलेबी, वाटीत मठ्ठा, आणि ह्या माणसाला साप पाहिजे. "खाल्लाय की," मी म्हणतो. "कसा लागतो?" मग मी सांगतो, की काट्याच्या माशासारखा लागतो, जरा चिवट, आणि मीठ नसलं तर कशासारखाच लागत नाही. शेजारची पोरं हसतात, बायका तोंडाला पदर लावतात, आणि वाढपी मला मुद्दाम दोन जिलेब्या जास्त वाढतो.

ह्या अंकाच्या संपादकांनीही तेच ऐकलं असावं. फोनवर म्हणाले, जंगलातल्या फौजी स्वयंपाकावर काहीतरी खुसखुशीत लिहा. मी हो म्हणालो. तीन वेळा कागद घेऊन बसलो, तिन्ही वेळा सापावरून सुरुवात केली आणि तिन्ही वेळा बेडकावर येऊन थांबलो. तेव्हा खुसखुशीत काही जमलेलं नाही, आधीच सांगतो. माणसांची नावं बदलली आहेत. गावाचं नाव सांगणार नाही.

मी कोरेगाव तालुक्यातला. आमच्या भावकीत घरटी एक तरी पोरगा फौजेत असतो, त्यामुळं मी गेलो ह्यात काही पराक्रम नाही. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली. त्यातली सहा वर्षं मी उस्ताद होतो. उस्ताद म्हणजे फौजेतला मास्तर. कोणी बंदूक शिकवतो, कोणी नकाशा. माझा विषय होता भूक. रसद तुटली, रस्ता चुकला, चार दिवस कोणी येत नाही, तर रानात काय खाऊन जगायचं आणि काय खाऊन मरायचं नाही, एवढंच मी शिकवायचो. जागा ईशान्येकडच्या डोंगरात होती. तिथं सहा-सहा महिने पाऊस असतो आणि अंगावरचा कपडा कधी पुरता वाळत नाही.

पद्धत अशी होती. पाच-पाच जणांची टोळी करायची. टोळीला एक दाव, म्हणजे तिकडचा लांब पात्याचा कोयता, एक काडेपेटी, मूठभर मीठ, दोरी आणि पत्र्याचा डबा. खिसे तपासून चार दिवस रानात सोडायचं. पहिल्या दिवशी पोरं चेष्टामस्करी करतात. दुसऱ्या दिवशी भांडतात. तिसऱ्या दिवशी कोणी बोलत नाही. त्या तिसऱ्या दिवशी उस्तादानं जवळ राहायचं असतं, कारण तेव्हा माणूस समोर येईल ते तोंडात घालतो.

सापाचं मुंडकं वीतभर मागं धरून उडवायचं आणि पुरून टाकायचं, कारण तुटलेलं मुंडकंसुद्धा चावतं. आतडी काढायची, कातडं सोलायचं, उकळायचं. उंदीर, खेकडे, गोगलगायी, बांबूतल्या अळ्या, सगळं उकळून. हरणाकडं बघायचंसुद्धा नाही, तो गुन्हा. आणि एक गुपित आता सांगायला हरकत नाही. पोरं ज्या 'रानकोंबड्या' पकडून छाती फुगवून यायची, त्यातल्या निम्म्या आम्हीच आदल्या दिवशी बाजारातून आणून सोडलेल्या असायच्या. एकाच्या कोंबडीच्या पायाला तर सुतळी तशीच होती. तो म्हणाला, "उस्ताद, जंगलात कोणतरी राहतंय." मी म्हणालो, "राहतं की, सासरा तुझा."

एकदा एक डॉक्टर कॅप्टन आले होते. शुद्ध शाकाहारी. केळीचा गाभा, नेच्याचे कोवळे कोंब आणि रानअळूची मुळं उकळून चार दिवस काढले, तीन किलो वजन घालवलं आणि सगळ्यांच्या आधी शेवटच्या टप्प्यावर जाऊन बसले. "साहेब, भूक नाही लागली?" मी विचारलं. म्हणाले, "लागली होती उस्ताद, पण तुमचा साप बघितला आणि गेली." म्हणजे मांस खाल्लंच पाहिजे अशी सक्ती नव्हती. गळ्यात माळ असलेले, सोमवार पाळणारे, कोणीही असो, जगून दाखवलं की पास. हे मी आत्ताच स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढं एकानं मला नेमकं तेच विचारलं.

आता आपल्या सातारा-सांगलीकडच्या पोरांची खोड. जगातली कुठलीही झडती असू द्या, आपल्या पोराजवळ कांदा-लसणाची चटणी सापडणारच. मोज्यात, टोपीच्या अस्तरात, एकानं तर बँडेजच्या गुंडाळीत नेली होती. त्या चटणीवर एका टोळीनं सापाचा तांबडा रस्सा केला आणि पाहणीला आलेल्या सुभेदारसाहेबांनी, तेही पंजाबी, दोनदा मागून घेतला. तेव्हापासून मी आपल्या पोरांच्या चटणीकडं डोळेझाक करू लागलो. घरचा वास यायचा तिला, खरं सांगायचं तर मलाच आवडायचा.

पण ती डोळेझाक चूक होती आणि मला ते माहीत होतं. रानात नवीन काही खाताना आधी जिभेला लावून बघायचं असतं. कडू लागलं, चुरचुरलं, तर थुंकायचं. जीभ हाच तिथं डॉक्टर. त्याच्यावर दोन चमचे चटणी फासली तर जिभेला काय डोंबल कळणार?

दुसरी चूक भाषेची. वर्ग हिंदीत चालायचा. पलटणीत सगळ्या मुलखांचे जवान, त्यामुळं ते बरोबरच. उस्ताद म्हणून उभा राहिलो की माझ्या तोंडून नियमाचं हिंदी निघायचं, प्रत्येक शब्द तोलून. वर्ग सुटला की आपली पोरं भोवती गोळा व्हायची आणि मग मी कोरेगावचा व्हायचो. अरे-कारे, शिव्या, टवाळी. एकाच तोंडातून दोन माणसं बोलायची, आणि दुसऱ्याचं बोलणं कुठल्या वहीत लिहिलेलं नसायचं.

नितीन सांगली जिल्ह्यातला, खानापूर तालुक्यातला. वय एकवीस. उंच, बारीक, कान मोठे. धावायला पहिला, पण रानातलं ज्ञान शून्य. बाकीच्या पोरांनी लहानपणी ओढ्यात खेकडे पकडलेले, मासे मारलेले, कोणी घोरपडीमागं धावलेलं. हा माळकऱ्याच्या घरातला. घरात अंडं कधी आलं नव्हतं. फौजेत यायच्या आधी त्यानं माळ उतरवली होती आणि मेसमधलं मटण खायचा, पण डोळे मिटून, औषध घेतल्यासारखं. कुठलं जनावर खायचं आणि कुठलं नाही, ह्याचा त्याला काही गंधच नव्हता. म्हणून प्रत्येक गोष्ट मला विचारायचा. "उस्ताद, हे चालतं का?" गोगलगाय दिसली, चालतं का. किडा दिसला, चालतं का. पोरांनी त्याचं नावच 'चालतंका' पाडलं होतं. "ए चालतंका, पानी आन."

माझा जीव होता त्याच्यावर. असं लिहिलं की आता सोयीचं वाटतं, पण होता.

तिसरा दिवस होता, दुपारची वेळ. पाऊस बारीक पडत होता. एका पोरानं दावानं तळहात कापून घेतला होता आणि मी खाली मान घालून त्याला पट्टी बांधत होतो. रक्त थांबत नव्हतं. मागून नितीनचा आवाज आला.

"उस्ताद, बेडूक घावलाय. चालतं का?"

मी मान वळवली नाही. म्हणालो, "खा की लेका. बेडूक खाऊन कोन मेलंय?"

ज्याला पट्टी बांधत होतो तो पोरगाही हसला. नितीन "बरं" म्हणून गेला.

फौजी वहीत दोन शब्द आहेत. 'मेंढक', तो खाता येतो, मागचे पाय सोलून, उकळून. आणि 'टोड', तो खायचा नाही. मी वर्गात ते सांगितलं होतं, शब्दाला शब्द. पण आपल्याकडं पाण्यातला हिरवा असो, नाहीतर अंगणात दिव्याखाली येऊन बसतो तो गाठीगाठीचा मातकट असो, दोघांनाही आपण बेडूकच म्हणतो. पुस्तकात त्या दुसऱ्याला भेक म्हणतात, पण मी जन्मात कोणाच्या तोंडून तो शब्द ऐकला नाही. त्या अंगणातल्याच्या डोळ्यांमागं दोन फुगीर गाठी असतात. त्यात विष असतं, कातड्यात असतं, अंड्यांत असतं. उकळल्यानं जात नाही. चवीला कडूजहर असतं.

टोळीतल्या बाकीच्यांनी एकेक घास खाल्ला आणि कडू म्हणून थुंकला. एकाला उलटीही झाली, पण ते सगळे वाचले. नितीननं उरलेला सगळा खाल्ला. दोन दिवसांचा उपाशी होता, आणि त्यानं स्वतःच्या हातानं पकडलेलं ते पहिलं जनावर होतं. कडू लागू नये म्हणून त्यानं वर आईची चटणी घातली.

तासाभरात उलट्या सुरू झाल्या. मी पोचलो तेव्हा चुलीशेजारी केळीच्या पानावर सोललेलं कातडं पडलं होतं. गाठीगाठीचं. ते बघितलं आणि मी नितीनजवळ गुडघ्यावर बसलो. त्याची नाडी धरली तर ती लागायची, मग मधेच थांबायची, मग परत लागायची. दोन बांबूंना पावसाळी कपडा बांधून डोली केली आणि खाली रस्त्याकडं निघालो. चार तासांची उतरण. मी डोलीच्या बाजूनं चालत होतो. अर्ध्या वाटेवर त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "उस्ताद, मधनंच चाललोय... मी फेल न्हाई न्हवं?"

"न्हाई रं," मी म्हणालो. "पास हायस तू."

रस्ता दिसायला लागला तेव्हा तो गेला होता. अजून उजेड होता.

शवपेटीबरोबर मलाच पाठवलं, कारण मी त्याच्या मुलखातला. गावानं कमानी उभारल्या होत्या, शाळेची पोरं झेंडे घेऊन रस्त्याला उभी होती. नितीनचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणतात, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ, ताठ उभे होते. रडले नाहीत. मला बाजूला घेऊन विचारलं, "कशानं गेला?"

मी विमानात बसल्यापासून ह्या प्रश्नाचं उत्तर जुळवत होतो. म्हणालो, "रानात समदं खावं लागतं, तात्या. एक जनावर बाधलं."

तात्यांनी मान वळवून दारात बसलेल्या बायकोकडं बघितलं. नुसतं बघितलं. मला वाटलं, दुःखानं बघतायत.

नितीनच्या आईनं मला आत बोलावलं. पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला. तिनं एकच विचारलं. "जाताना चटनी दिलीती मी. खाल्ली का त्यानं?"

"व्हय वहिनी," मी म्हणालो. "समदी खाल्ली."

"ते एक बरं झालं," ती म्हणाली.

मी तिथून उठून मागच्या परसात गेलो आणि भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो.

परत गेल्यावर चौकशी बसली. साहेबांनी विचारलं, "टोड के बारे में सबक दिया था?" "दिया था, साहब." वही दाखवली. वर्गाला हजर असल्याच्या सगळ्यांच्या सह्या होत्या, नितीनचीही होती, वळणदार. मी एक अक्षर खोटं बोललो नाही. मराठीत काय बोललास, असं मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ज्याचा तळहात कापला होता तो पोरगाही बोलला नाही.  मी सुटलो. पुढं नायब सुभेदार झालो, मग सुभेदार झालो.

चौकशी संपल्यावर मी आपल्या चार-पाच पोरांना एकेकटं गाठून विचारलं, "टोड म्हंजे काय रं?" एक म्हणाला, "मासा आसंल, उस्ताद." एक म्हणाला, "सापाची जात." एकालाही माहीत नव्हतं. सगळ्यांनी सही केली होती. त्यानंतर मी प्रत्येक वर्गात तो प्राणी जिवंत आणून दाखवला, फळ्यावर काढला, आणि प्रत्येक मुलखाच्या पोराकडून त्याच्या बोलीतलं नाव वदवून घेतलं. माझ्या हाताखाली परत असं झालं नाही. माझ्यामागून आलेल्या उस्तादांनीही ती रीत ठेवली. असं का करायचं, ते मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही.

निवृत्त झाल्यावर शिरवळच्या एका कारखान्यात सुरक्षारक्षकांवरचा मुकादम म्हणून लागलो. माजी सैनिकाला दुसरं कोण काय देणार? माझ्या हाताखाली बाळू नावाचा एक रक्षक होता. एके दुपारी डबा खाताना गावाची गोष्ट निघाली आणि कळलं, की हा नितीनच्याच गावचा. मी सहज म्हणून विचारलं, "तात्या कसं हायत?"

"हायत की. बाग लावलीया डाळिंबाची. पन घरात लय वंगाळ हाय बगा. तात्या आनि काकी बोलत न्हाईत एकमेकांशी."

"कवापास्नं?"

"पोरगं गेलं तवापास्नं. बारा वर्सं झाली. तात्या तिच्या हातचं पानीबी पीत न्हाईत. गोठ्याशेजारी छप्परात चूल मांडलीया, आपली भाकरी आपनच थापत्यात."

मग त्यानं सांगितलं ते असं. नितीन भरतीला दोनदा गेला आणि दोन्ही वेळा वजनात कमी पडला. आईचं माहेर बिनमाळेचं. तिनं नवऱ्याला न सांगता पोराला भावाकडं नेलं, स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यातली माळ काढली आणि महिनाभर अंडी-मटण खायला घातलं. तिसऱ्या वेळी पोरगा भरती झाला. तात्यांना मागून कळलं, तेव्हा ते चिडले, पण पोराचं चांगलं झालं म्हणून गिळून बसले. आणि मग दोन वर्षांनी पेटी आली, आणि पेटीबरोबर आलेल्या माणसानं सांगितलं, जनावर बाधलं.

"तात्या म्हनत्यात, तू माळ काढलीस तिथंच त्यो मेला," बाळू म्हणाला. "गावातल्या बायाबी म्हनत्यात, आईनंच पोरगं खाल्लं. तिला हळदीकुंकवाला कोन बोलवत न्हाई."

त्या दिवशी मला डबा संपवता आला नाही. मी काय करून बसलो होतो ते मला बारा वर्षांनी, भाजीत बोट बुडवलेलं असताना कळलं. स्वतःची कातडी वाचवायला मी दोन शब्द बोललो होतो आणि त्या दोन शब्दांवर एका बाईला घरच्या घरात वाळीत टाकलं होतं.

तरी मी लगेच गेलो नाही. शिरवळहून तिथं जायला चार तास लागतात. मला दोन महिने लागले. आमची मंडळी म्हणाली, "आता सांगून काय उपेग? पोरगं का परत येनार हाय?" मी म्हणालो, "पोरगं न्हाई गं, पन ती बाई जित्ती हाय अजून." आणि एसटीत बसलो.

सकाळचे अकरा वाजले होते. तात्या छपरातच होते, चुलीपुढं, परातीत पीठ मळत. म्हातारे झाले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. ओळखल्यावर उठू लागले, मी म्हणालो, बसा. समोरच्या घराचं दार उघडं होतं आणि आत भांड्यांचा आवाज येत होता. मी मुद्दाम आवाज चढवून बोललो. सगळं सांगितलं. टोड, वही, पट्टी, मान न वळवलेली, आणि ते वाक्य जसंच्या तसं. चटणीनं कडवटपणा झाकला, एवढं सोडून सगळं. ते मी तिच्या दारात बोलणार नव्हतो. आतला भांड्यांचा आवाज कधी थांबला ते कळलं नाही.

तात्यांनी हात परातीतच ठेवले होते. "म्हंजे अंगनातला बेडूक," ते म्हणाले.

"व्हय."

"आनि त्यानं तुमाला इचारलं."

"व्हय. मी बघितलं न्हाई."

"जनावर बाधलं म्हनलासा तुमी मला."

"माझ्या भ्याडपनानं म्हनलो, तात्या. वहिनींचा ह्यात काय बी दोष न्हाई. माळंचा काय संबंध न्हाई."

त्यांनी परातीतला गोळा दाबून परत मोडला. मग म्हणाले, "संबंध कसा न्हाई? गळ्यात माळ आसती तर त्यानं बेडकाला हात तरी लावला आसता का? पाला खाऊन ऱ्हाता आलं आसतं न्हवं तितं?"

मला त्या शाकाहारी कॅप्टनसाहेबांची आठवण झाली. आलं असतं. पाला खाऊन राहता आलं असतं आणि पासही होता आलं असतं.  एवढंच म्हणालो, "तिनं त्याला भरतीसाठी खाऊ घातलं. इख मी खायला सांगितलं. दोषाचं माप टाकायचं तर माझ्या पदरात टाका."

तात्यांचे डोळे भरले. पेटी आली तेव्हा मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, आता बघितलं. आवाज न करता रडत होते आणि पिठाच्या हातानं तोंड पुसत होते. मग एकदम मोठ्यानं, घराच्या दिशेनं म्हणाले, "आगं, ऐकलंस का?"

बारा वर्षांत त्या माणसानं बायकोला मारलेली ती पहिली हाक असावी. वहिनी दारात आल्या. केस पांढरे झाले होते. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, नवऱ्याकडंही नाही.

"ऐकलं," त्या म्हणाल्या.

"माझं चुकलं," तात्या म्हणाले. "आजपास्नं आतच वाढ मला. पावन्यालाबी वाढ."

मला वाटलं, झालं. बारा वर्षांचं ओझं उतरलं ह्या घरावरचं. खोटं कशाला बोलू, मला आतून जरा बरंसुद्धा वाटलं, की चला, आपल्या हातून एक चांगलं काम झालं.

वहिनी उंबऱ्याबाहेर आल्या नाहीत. "माझा पोरगा गेला त्या दिवशी मीबी उपाशी हुते," त्या म्हणाल्या. "दोन घास खा म्हनून कोन म्हनलं न्हाई मला. उलट चूल येगळी झाली. बारा वर्सं मी माज्या हाताकडं बगून म्हनायची, ह्याच हातानं माळ काढली, ह्याच हातानं मारलं. आनि ह्या पावन्यांना ठावं हुतं." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "बारा वर्सं ठावं हुतं तुमाला."

मी उभा राहिलो. पाया पडायला पुढं झालो, तर त्या मागं सरल्या.

"न्हाई. हितं माज्या चुलीवरचं कुनाला मिळायचं न्हाई आता," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिथंच बसा. एका चुलीवरचं खावा दोघंबी."

आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मी निघायला हवं होतं, पण निघालो नाही. तात्या त्या बंद दाराकडं बघत बसले होते. चुलीतलं लाकूड नुसतंच धुमसत होतं. मग ते थोडे बाजूला सरकले, मला बसायला जागा केली, आणि डब्यात हात घालून परातीत आणखी एका भाकरीचं पीठ घेतलं.